पडद्यावर चालणारा रोबो फरशीवर का पडतो?

जून 2010मध्ये सिंगापूरच्या सनटेक केंद्रात रोबोकप भरला होता. दोन पायांचे रोबो हिरव्या गालिच्यावर फुटबॉल खेळायचे आणि खेळताना पडायचे. अशा वेळी हमखास एक प्रश्न येतो: संगणकावर आधी सगळं करून बघितलं होतं, तर मग पडतात कसे? सिम्युलेशनबद्दलचे बरेचसे गैरसमज या एकाच प्रश्नात दडलेले आहेत.

सिम्युलेशन म्हणजे ॲनिमेशन, हा त्यातला सर्वांत जुना. ॲनिमेशनमध्ये पाऊल कुठे पडायचं ते चित्रकार ठरवतो. इथे तसं कुणीच ठरवत नाही. प्रत्येक भागाचं वस्तुमान, सांध्यांतल्या मोटरची ताकद, गुरुत्वाकर्षण अशा गोष्टी दिल्या जातात. पुढची हालचाल मिलिसेकंदा-मिलिसेकंदाने गणितातून निघते. पाऊल चुकलं तर पडद्यावरचा रोबोही कोसळतो, आणि तो कोसळतो म्हणूनच सिम्युलेशनचा उपयोग आहे. खरा रोबो शंभर वेळा आपटला तर गिअर तुटतात.

चालायला मोठा मेंदू लागतो, हेही अर्धंच खरं. 1990मध्ये टॅड मॅकगीर यांनी मोटर आणि संगणक नसलेलं यंत्र हलक्या उतारावरून चालवून दाखवलं. पायांची लांबी आणि वजनाची मांडणी जमली की बरंचसं चालणं आपोआप घडतं.

खरी गोम जमिनीत आहे. रोबोचं शरीर गणितात बसवणं तुलनेने सोपं, पण पाऊल टेकतं त्या क्षणाचं काय? बरेच सिम्युलेटर पावलाला जमिनीत किंचित रुतू देतात आणि जितकं रुतेल तितक्या जोराने त्याला वर ढकलतात. हा जोर फार कडक ठेवला तर रोबो टेकताक्षणी उडतो, फार मऊ ठेवला तर फरशीचा चिखल होतो. शिवाय घर्षण आहे, गिअरच्या दात्यांमधली ढिलाई आहे, हुकूम मिळाल्यापासून मोटर हलेपर्यंतचा उशीर आहे. या सगळ्यासाठी अंदाजाने आकडे घातलेले असतात. रोबोकपच्या ह्युमनॉइड स्पर्धेत 2015मध्ये गालिच्याच्या जागी कृत्रिम गवत आलं, तेव्हा सपाट गालिच्यासाठी घोटवलेल्या चाली पुन्हा बसवाव्या लागल्या. चालीपुरती बदलली होती ती फक्त जमीन.

म्हणून पडद्यावरचं यश हा पुरावा होत नाही. दार्पा या अमेरिकी संरक्षण संशोधन संस्थेच्या रोबो स्पर्धेत 2013ची आभासी फेरी फ्लोरिडाच्या आयएचएमसी संस्थेने जिंकली. 2015च्या अंतिम फेरीत त्यांचा खरा रोबो पहिल्याच दिवशी पडला. तरीही संघ दुसरा आला, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सिम्युलेशनमध्ये केलेली मेहनत वाया गेली नव्हती.

आणखी एक समजूत हल्ली फार पसरली आहे: रोबोला सोडून द्या, संगणक शून्यातून सगळं शिकेल. सिंगापूर पॉलिटेक्निकचा रोबो-इरेक्टस 2002च्या रोबोकपमध्ये चालण्याच्या स्पर्धेत दुसरा आला होता. त्याच्यामागचे संशोधक झोउ चांगजिऊ यांनी एका सहकाऱ्यासह 2003मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध मुद्दाम वाचावा असा आहे. खऱ्या रोबोच्या संगणकीय प्रतिरूपाला त्यांनी तोल सावरायला शिकवलं. डावीकडे झुकलं तर काय करायचं, पुढे कललं तर काय, ही माणसाला उपजत असलेली समज त्यांनी आधीच घालून दिली, आणि शिकण्याचा वेग वाढला. संगणक चुका करत शिकतो हे खरं, पण सुरुवात कुठून करायची ते माणसाने सांगितलं तर वेळ वाचतो.

आता घर्षण, वजन यांच्या अचूक आकड्यामागे धावण्याऐवजी सिम्युलेशनमध्ये आकडेच मुद्दाम बदलत ठेवतात. एकदा फरशी निसरडी, एकदा रोबो जड, एकदा मोटर आळशी. अशा हजारो बिघडलेल्या जगांत टिकणारी चाल खऱ्या जगातही टिकण्याची शक्यता जास्त. ओरेगॉन स्टेट विद्यापीठाच्या कॅसी या दोन पायांच्या रोबोने याच वाटेने शिकून 2021मध्ये उघड्यावर 5 किलोमीटर अंतर सुमारे 53 मिनिटांत कापलं. त्यात तो दोनदा पडला: एकदा संगणक तापल्यामुळे, एकदा फार वेगात वळायला सांगितल्यामुळे.