कंबर धरून आधी कुणाकडे जायचं?

जुलै 2025 मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेचा, म्हणजे एनएचएसचा, दहा वर्षांचा आराखडा आला आणि चर्चा रंगली ती ॲपची, कृत्रिम बुद्धिमत्तेची. रुग्णालयांत सत्तर लाखांवर उपचार तुंबले असताना निदान साधी कंबरदुखी तरी तिथवर जाऊ नये, म्हणून आधीपासून चाललेली एक खटपट मात्र बाजूला पडली. तिथे फॅमिली डॉक्टरकडे येणाऱ्या तक्रारींपैकी तीस टक्क्यांपर्यंत हाडं, सांधे आणि स्नायूंच्या असतात. असा रुग्ण डॉक्टरला न भेटता थेट त्याच दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्टकडे किंवा हातांनी मणका-सांधे हाताळून उपचार करणाऱ्या ऑस्टिओपॅथकडे जाऊ शकतो.

ऑस्टिओपॅथ मंडळींची इथवरची वाट मोठी गमतीची आहे. 1935 मध्ये त्यांच्या नोंदणीचं विधेयक हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीपुढे आलं. लंडनमधल्या त्यांच्या कॉलेजचे संस्थापक जॉन मार्टिन लिटलजॉन यांची उलटतपासणीत अशी फजिती झाली की विधेयक बारगळलंच. कायदा झाला थेट 1993 मध्ये. मला विचाराल तर ती फजिती पथ्यावर पडली. अभ्यासक्रम, परीक्षा, नोंदणी, तक्रारीची सोय असं सगळं उभं राहिल्याशिवाय सरकारी दार उघडलं नाही. उलट ब्राझीलने 2017 मध्ये ऑस्टिओपॅथी, रेकी, आयुर्वेद अशा 14 पद्धती एकाच आदेशात सरकारी आरोग्यसेवेत घेतल्या. इतकी घाई कशाला?

गुण किती येतो? 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 1,334 रुग्णांवरच्या ब्रिटिश चाचणीत मणक्याच्या हाताळणीचा फायदा दिसला, पण बेताचाच. म्हणून तिथली 2016 ची मार्गदर्शक सूचना सांगते, हाताळणी करायचीच तर व्यायामाच्या जोडीनेच. तान्ह्या बाळाची कवटी हलकेच दाबून रडं थांबवण्याच्या दाव्यांना तर ठोस आधारच नाही. त्यावर सरकारने एक पेनीही घालू नये.

मग दवाखान्यात यांचं खरं काम काय? हाड कडकन वाजवणं नव्हेच. लघवी अडते का, मांड्यांमधला भाग बधिर झालाय का, हे आधी विचारायचं. उत्तर 'हो' आलं तर टेबलावर न झोपवता तडक इस्पितळात धाडायचं. मणक्याच्या तळाच्या नसा चेपल्या असतील तर उशिराने कायमचं अपंगत्व येऊ शकतं. या पदासाठी पदव्युत्तर पातळीची तयारी मागतात ती त्यासाठीच. बहुतेकांना मात्र 'चालत राहा, झोपून राहू नका' एवढं सांगून घरी पाठवलं तरी पुरतं. बहुसंख्य ऑस्टिओपॅथ आजही खासगीतच आहेत, आणि खिशातून पौंड मोजलेल्या माणसाला एवढंच सांगणं तिथे जड जातं. सरकारी पगारावर ते जमू शकतं.