दुखणे प्लॅटिनमचे, उताराही प्लॅटिनमचाच

जपानमध्ये २००९ पासून घराबाहेर बसवायची कपाटाएवढी पेटी मिळते, ‘एने-फार्म’ नावाची. पाइपलाइनच्या गॅसपासून ती आतल्या आत हायड्रोजन तयार करते. त्यावर इंधनघट चालतो, वीज मिळते आणि आंघोळीचे पाणीही तापते. अडचण एकच. मिथेन आणि वाफेपासून हायड्रोजन बनतो, तेव्हा कार्बन मोनॉक्साईडही सोबत येतो. पुढच्या टप्प्यात पुन्हा वाफेशी गाठ घालून त्यातल्या बहुतेकाचा कार्बन डायऑक्साईड करतात, तरी अर्धा-एक टक्का मागे राहतोच. साधा प्लॅटिनम उत्प्रेरक असलेल्या घटाला मात्र दहा लाख भागांत दहाच्या वर तो सोसत नाही.

एवढे सोवळे कशासाठी? घट चालतो ७०-८० अंश सेल्सिअसला. त्या तापमानाला मोनॉक्साईडचे रेणू प्लॅटिनमवर, एसटीत रुमाल टाकून जागा अडवावी तसे ठाण मांडतात. हायड्रोजन ताटकळत राहतो.

मग घटाच्या आधीच थोडी हवा सोडून मोनॉक्साईड जाळावा, तर भोवती सगळा हायड्रोजन. तोच जळाला तर कमावलेलेच घालवून बसायचे! म्हणून येथे उत्प्रेरक नुसता चपळ असून भागत नाही, तो चोखंदळ हवा. आणि गंमत म्हणजे, प्लॅटिनमला हा चोखंदळपणा त्याच चिकटण्यातून मिळतो. दीडशे अंशांच्या आसपास पृष्ठभाग मोनॉक्साईडनेच व्यापलेला असतो, त्यामुळे हायड्रोजनला शिरकाव नसतो. अधूनमधून एखादा रेणू सुटतो, त्या जागी ऑक्सिजन येतो आणि शेजारचा मोनॉक्साईड जाळतो. तापमान फार वाढले की पकड ढिली पडते आणि हायड्रोजन ऑक्सिजन फस्त करतो. उतरले की ऑक्सिजनलाच जागा मिळत नाही. थंड यंत्र सुरू करताना नेमके हेच नडते.

रसायनशास्त्रज्ञ मासाताके हारुता यांनी १९८७ मध्ये सोन्याचे अतिसूक्ष्म कण उणे ७० अंशांनाही मोनॉक्साईड जाळतात हे दाखवून खळबळ उडवली. पण हे कण वापरात एकमेकांना चिकटून मोठे होतात, आणि मोठे सोने पुन्हा आळशीच.

चीनमधील हफेईच्या लू जुनलिंग यांच्या गटाने २०१९ मध्ये वेगळी वाट धरली: प्लॅटिनमच्या कणांवर लोहाचे सुटे अणू, हायड्रॉक्साईडच्या रूपात. ऑक्सिजनला आता मोनॉक्साईडशी जागेसाठी भांडावे लागत नाही, प्लॅटिनम आणि लोह यांच्या सांध्यावर त्याची सोय होते. उणे ७५ पासून अधिक १०७ अंशांपर्यंत सगळा मोनॉक्साईड गेला. प्रयोगशाळेतली ही चिमूटभर भुकटी घरगुती पेटीत वर्षानुवर्षे टिकवणे, हे काम वेगळे आणि बहुधा जास्त कंटाळवाणे.