आमचा पाचवा आमदार गेला कुठे?



गेल्या हंगामात खापरला गटाची बैठक झाली. ऊसनोंदी, तोडणीची पाळी, बेण्याचा प्रश्न, सगळे बोलून झाले. चहाच्या वेळी एका वडीलधाऱ्या सभासदाने आम्हाला हळूच विचारले, "साहेब, आपल्या भागात पूर्वी पाच आमदार होते. आता चारच. आमचा एक आमदार गेला कुठे?" मागून कोणीतरी म्हणाले, "ठाण्याला गेला असंल!" सगळे हसले. पण गंमत अशी, की ते उत्तर फारसे चुकीचे नव्हते. तिथे नीट सांगणे जमले नाही, म्हणून इथे लिहितो आहोत. पक्षाचा प्रचार या पत्रिकेत करायचा नाही हा आपला रिवाज आहेच, तो इथेही पाळला आहे.

सुरुवात जरा मागून केली पाहिजे. इंग्रजांच्या काळी आपला मुलूख पश्चिम खानदेश जिल्ह्यात होता. हा जिल्हा १९०६ साली खानदेशाचे दोन भाग करून झाला, कचेरी धुळ्याला. अक्कलकुव्याच्या बाजूला मेवासी संस्थाने होती, एकूण सहा : काठी, नाल, सिंगपूर, नवलपूर, गव्हाळी आणि चिखली. १९३६ साली सरकारने 'अंशतः वगळलेले प्रदेश' जाहीर केले. त्यात आपल्याकडचा नवापूर पेटा, तळोदे तालुका, अक्राणी महाल आणि या सहा मेवासींची गावे होती. वगळलेले म्हणजे काय, तर कायदेमंडळाने केलेला कायदा इथे आपोआप लागू होत नसे, गव्हर्नरने तसा हुकूम काढला तरच. त्या हुकुमात मेवासींची नावे लिहिली आहेत : काठी, नाल, सिंगपूर आणि नवलपूरचे पाडवी, गव्हाळीचे वळवी, चिखलीचे वसावे. आजची मतपत्रिका काढून बघा, आडनावे तीच दिसतील!

१९३५ च्या कायद्याने मुंबई प्रांताच्या असेंब्लीत १७५ जागा झाल्या. त्यात मागास प्रदेश व जमाती यांच्यासाठी जागा किती? एक. साऱ्या प्रांतातल्या डोंगरकपारीतल्या माणसांना मिळून एक.

स्वातंत्र्यानंतर प्रत्येक प्रौढाला मत आले. पण १९५२ ची निवडणूक आजच्यासारखी नव्हती. मुंबई राज्यात ३१५ जागा होत्या, मतदारसंघ मात्र २६८. म्हणजे कित्येक मतदारसंघांतून दोन-दोन आमदार जायचे, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. हे तरुण सभासदांना खरे वाटणार नाही, पण आपल्या साखर कारखानदारीत आजही तोच प्रकार चालतो. ऊस उत्पादक गटातून दोन-तीन संचालक निवडायचे असतात, आपण तेवढी मते वेगवेगळ्या उमेदवारांना देतो. राखीव जागांसाठी तर सगळ्या गटांचे सभासद मत देतात. तेव्हाच्या जोड मतदारसंघातही मतदाराला दोन मते असत, दोन्ही एकालाच देता येत नसत. मोजणी करताना आधी राखीव जागा भरायची : जमातीच्या उमेदवारांत ज्याला जास्त मते, तो निवडून आला. मग उरलेल्या सगळ्यांत जो पुढे, तो दुसऱ्या जागेवर.

इथेच मेख होती. दुसरी जागा सर्वांना खुली, म्हणजे जमातीच्या उमेदवारालाही खुली. १९५७ साली आंध्रातल्या पार्वतीपुरम या लोकसभेच्या जोड मतदारसंघात दोन्ही जागांवर जमातीचेच उमेदवार निवडून आले आणि पडले कोण, तर व्ही. व्ही. गिरी, जे पुढे राष्ट्रपती झाले. ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. १९५९ साली कोर्टाने निकाल दिला, की यात काही बेकायदा नाही, राखीव जागा हा किमान हक्क आहे, कमाल मर्यादा नव्हे. त्यानंतर लवकरच, १९६१ साली, संसदेने कायदा करून जोड मतदारसंघच बंद केले. तेव्हापासून एक मतदारसंघ, एक आमदार. आमच्या मते हिशेबाला हे सोपे झाले, पण एक गोष्ट बदलली. जिथे जागा राखीव, तिथला बिगर आदिवासी मत देऊ शकतो, उभा राहू शकत नाही. आणि जिथे जागा खुली, तिथल्या आदिवासी मतदाराचा राखीव माणूस गेला.

मधे १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, तेव्हा नवापूर, नंदुरबार, तळोदे आणि अक्कलकुवा या भागांतली दीडशेच्या वर गावे गुजरातेत गेली. खापरच्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. देवमोगरा मातेच्या यात्रेला जाताना हद्द ओलांडावी लागते, सोयरीक दोन्हीकडे आहे, मत मात्र ज्याच्या त्याच्या राज्यात.

आता मूळ प्रश्न. १९७८ पासून २००४ पर्यंतच्या निवडणुका एकाच आखणीवर झाल्या. त्यात आपल्या बाजूला नवापूर, नंदुरबार, तळोदे आणि अक्राणी हे चार राखीव आणि शहादे हा खुला, असे पाच मतदारसंघ. जिल्हा तेव्हा धुळेच होता, नंदुरबार वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. पुढे २००१ च्या जनगणनेवर नवी आखणी झाली, ती २००८ साली लागू झाली. राज्याच्या एकूण जागा २८८, त्या वाढवायच्या नाहीत असे ठरलेले. राज्याची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाख ७८ हजार. तिला २८८ ने भागा, एका आमदारामागे साधारण ३ लाख ३६ हजार माणसे येतात. आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख ११ हजार. भागाकार येतो ३.९. झाले, चार आमदार! ठाणे-पुण्याकडे माणसे वाढली, जागा तिकडे सरकल्या. वजनकाट्यावर जसे टनच बोलतात, तसे इथे डोकीच बोलतात. डोंगर किती उंच, वाट किती लांब, हे काट्याला कळत नाही.

या आखणीत तळोदे हे नाव गेले, तो तालुका शहाद्याला जोडला आणि शहादे राखीव झाले. अक्राणी हेही नाव गेले. अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) मिळून 'अक्कलकुवा' मतदारसंघ झाला. एक मान मात्र मिळाला. जुन्या यादीत क्रमांक १ सावंतवाडीचा असे, आता १ अक्कलकुवा आणि २८८ जत. राज्यातले पहिले मतदान केंद्र मणिबेली, नर्मदाकाठी. कर्मचारी तिथे होडीने जातात. सरदार सरोवरात अक्राणी-अक्कलकुव्याची ३३ गावे बाधित झाली, मणिबेली त्यांतलेच. कित्येक कुटुंबे तळोदे-शहाद्याकडच्या वसाहतींत आली. घर हलले तसा त्यांचा मतदारसंघही हलला.

निवडून कोण आले म्हणाल, तर अॅड. के. सी. पाडवी १९९० ते २०१९ सलग सात वेळा, आधी अक्राणीतून, २००९ पासून अक्कलकुव्यातून. ३० डिसेंबर २०१९ ला मंत्रिपदाची शपथ घेताना त्यांनी पदरचे चार शब्द घातले, तेव्हा राज्यपालांनी ती पुन्हा घ्यायला लावली, हे अनेकांनी टीव्हीवर पाहिले असेल. त्या वर्षी ते आमश्या पाडवींपेक्षा फक्त २,०९६ मतांनी पुढे होते. २०२४ मध्ये उलटे झाले. जूनमध्ये त्यांचे चिरंजीव गोवाल पाडवी नंदुरबारचे खासदार झाले, आणि नोव्हेंबरात विधानसभेला आमश्या पाडवी २,९०४ मतांनी जिंकले. दोन-तीन हजार मते म्हणजे मोलगी, धडगाव आणि खापर यांतले कोणीही एक फिरले की निकाल फिरतो.

पाचवा आमदार परत येईल का? २०११ च्या जनगणनेत जिल्हा १६ लाख ४८ हजारांवर गेला. त्याच २८८ जागांनी भागले तर ४.२ येतात, म्हणजे चारच. ८४ व्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली होती. पुढची जनगणना २०२७ ची. तिच्यावर आखणी होईल तेव्हा आयोग मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवतो. कोणते गाव कोणत्या मतदारसंघात, हे त्या मसुद्यात असते. तो निघाला की खापर, अक्कलकुवा आणि धडगावच्या पानांची प्रत गट कार्यालयात वाचायला ठेवू. गणतीवाला दारी येईल त्या दिवशी तोडणीसाठी बाहेरगावी गेलेली माणसे नोंदीतून सुटणार नाहीत, एवढे घरच्यांनी पाहावे.