विश्लेषण : एडिट केलेला फोटो मोबाइलवर फिका का पडतो?

लग्नाच्या फोटोत नवरीचा हिरवा शालू एडिटिंगच्या संगणकावर झळाळत असतो. तोच फोटो घरच्यांच्या मोबाइलवर गेला, की शालू मळकट आणि चेहरे निस्तेज. दोष मोबाइलला दिला जातो. बऱ्याचदा गडबड असते ती एक्स्पोर्ट करताना समोर येणाऱ्या ‘कलर स्पेस’ या पर्यायात.

नेमके काय बिघडते?

जेपेग फाइलमधील रंग म्हणजे लाल, हिरवा आणि निळा यांचे ० ते २५५ दरम्यानचे आकडे. पण २५५ हिरवा म्हणजे किती गडद हिरवा, हे कलर स्पेस ठरवते. एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये मांडलेले ‘एसआरजीबी’ हे त्यातले सर्वात रुळलेले माप. १९९८ च्या ‘अॅडोबी आरजीबी’चा पल्ला त्याहून मोठा, विशेषतः हिरव्या छटांत. फाइलला प्रोफाइल जोडलेले नसेल किंवा अॅपने ते वाचले नाही, तर आकडे सहसा एसआरजीबीचेच समजले जातात. पाच मीटर कापड पाच फूट म्हणून मोजावे, तसा रंग आखडतो.

मग निवडायचे काय?

व्हॉट्सअॅप, समाजमाध्यमे, संकेतस्थळे यांसाठी एसआरजीबीच, तेही प्रोफाइल जोडून. मोठा पल्ला म्हणजे उत्तम दर्जा, हा समज येथे महागात पडतो. आयफोन २०१६ च्या ‘७’ मॉडेलपासून ‘डिस्प्ले पी३’मध्ये फोटो टिपतात, तशाच पडद्यांवर ते छान दिसतात, पण समोरचा पडदा कोणता हे ठाऊक नसेल तर एसआरजीबी बरा. ‘प्रोफोटो आरजीबी’ १६ बिटमध्ये एडिटिंगपुरताच ठेवावा. ८ बिटच्या जेपेगमध्ये त्यामुळे आकाशात पट्टे उमटू शकतात.

अल्बम छापायचा असेल, तर लॅबला कोणते प्रोफाइल चालते हे आधी विचारावे. अख्खा अल्बम पुन्हा छापण्यापेक्षा एक फोन स्वस्त.

फाइल आधीच चुकीच्या पर्यायात निघाली असेल तर?

मूळ फाइलवरून पुन्हा एक्स्पोर्ट करणे उत्तम. ते शक्य नसल्यास फोटोशॉपमध्ये ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ वापरावे. त्यात आकडे बदलतात, रंग शक्यतो तोच राहतो. शेजारचा ‘असाइन प्रोफाइल’ फक्त लेबल बदलतो आणि रंग बिघडवतो. मात्र फाइलचे प्रोफाइलच गळाले असेल, तर आधी मूळ प्रोफाइल असाइन करून मग कन्व्हर्ट करावे. फिका दिसतो म्हणून सॅच्युरेशन वाढवू नये. प्रोफाइल नीट वाचणाऱ्या पडद्यावर तोच शालू भडक दिसेल.