मोडलेल्या हनुवटीचे दैवत

उद्या चैत्री पौर्णिमा. पहाटेच्या गारव्यात गावोगावच्या मारुतिमंदिरांत कीर्तनास आरंभ होईल, सूर्यबिंब क्षितिजावर येताच पाळण्याची दोरी हलेल, सुंठवडा वाटला जाईल, आणि शेंदराने न्हालेल्या मूर्तीच्या गळ्यात रुईच्या पानांच्या माळांची रास पडेल. दुपार कलली की मंदिरामागच्या मोकळ्या रानात ढोल घुमू लागेल, आणि सकाळी ज्यांनी पाळणा हलविला तीच मंडळी कुस्त्यांच्या दंगलीला गोल करून बसतील. खानदेशात जन्मोत्सव आणि दंगल यांची सोयरीक जुनी आहे. चैत्रापासून आखाजीपर्यंत जत्रा आणि जोडी यांचा हंगाम चालतो. बळाच्या दैवताचा जन्मदिवस बळाच्या खेळाने साजरा व्हावा, यात अनुचित असे काही आम्हांस वाटत नाही.

गतवर्षी याच दिवशी कीर्तन आटोपून आम्ही मंदिराच्या ओट्यावर टेकलो होतो. अंगावरचे उपरणे अद्याप घामाने ओले होते. एक माउली पुढे आली, पायांवर डोके ठेवले आणि उठताना अहिराणीत म्हणाली, “महाराज, मन्हा पोऱ्याना गुडघा गया. तरी तो तालीममा जास म्हनस. मारुतीले हाई चालस का?” पोरगा विशीचा. माघातल्या एका फडात पट काढताना गुडघा फिरला. डॉक्टरांनी सांगितले की आतील अस्थिबंध तुटला आहे, शस्त्रक्रिया करावी लागेल आणि पुढे नऊ महिने ते वर्षभर माती विसरावी लागेल. पोरगा मात्र गुडघ्यास फडके आवळून आखाजीच्या दंगलीत उतरण्याच्या गोष्टी करीत होता. इनाम मोठे होते आणि जोडही ठरून गेली होती.

माउलीचा प्रश्न साधा होता. पण त्याने आम्ही वरमलो. त्याचे कारण असे की, त्याच पहाटे आम्ही मोठ्या रसाने बालमारुतीची कथा लाविली होती. उगवते बिंब पिकलेले फळ समजून त्या भुकेल्या बाळाने घेतलेली झेप, इंद्राचा कोप, वज्राचा कडकडाट, सारे काही झाले. वज्र पडले, टाळ्या पडल्या, आणि आम्ही पाळण्याकडे वळलो. आमचेच काय, बहुतेक कीर्तनकारांचे आख्यान येथेच थांबते, कारण सूर्योदयाची वेळ गाठावयाची असते. आमच्या गुरुजींनीही आम्हांस असेच शिकविले. वाल्मीकींची कथा मात्र तेथे थांबत नाही, आणि त्या माउलीस जे हवे होते ते पुढच्याच भागात होते.

‘हनु’ म्हणजे जबड्याचे हाड, हनुवटी. किष्किंधाकांडात जांबवान मारुतीस त्याच्याच जन्माची हकीकत सांगतो, तेव्हा वज्राच्या आघाताने बाळ पर्वतशिखरावर कोसळले आणि त्याची डावी हनु भंगली, असे म्हणतो. तेथूनच हनुमान हे नाव आले. ज्याच्या नावाने प्रत्येक तालमीत नारळ फुटतो, त्या बलभीमाचे नाव त्याच्या विजयावरून पडलेले नाही. लंका जाळली म्हणून नाही आणि द्रोणागिरी उचलला म्हणूनही नाही. लहानपणी झालेल्या दुखापतीवरून ते पडले आहे. जुन्या पैलवानांचे मोडलेले, फुलवरासारखे गुठळलेले कान पाहिले की आम्हांस नेहमी या हनुवटीची आठवण होते.

आता पुढचा भाग. उत्तरकांडात तो विस्ताराने येतो. लेकरू निपचित पडलेले पाहून पिता वायू कोपला. त्याने इंद्रावर शस्त्र उगारले नाही. बाळास उचलले, गुहेत नेले, आणि तो स्वतः थांबला. वारा थांबला म्हणजे श्वास थांबला. प्राणिमात्रांची पोटे फुगली, सांधे आखडले, यज्ञ अडले, देवसुद्धा अवघडले. शेवटी सारे देव ब्रह्मदेवास पुढे घालून त्या गुहेच्या दारी आले. ब्रह्मदेवाने बाळास हात लाविला, बाळ उठले, आणि मगच वारा वाहू लागला. ज्याने वज्र टाकले त्या इंद्राने तेथेच कमलमाला घातली आणि वरही दिला. एका जखमी लेकरासाठी त्रैलोक्याचा व्यवहार बंद पाडणारा बाप या कथेत आहे, आणि आम्ही वर्षानुवर्षे नेमका तोच गाळीत आलो आहो. धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात समर्थांच्या हस्ताक्षरातील मानली जाणारी रामायणाची पोथी जपून ठेविली आहे. गावोगाव मारुती स्थापून तरुणांस जोर-बैठका शिकविणाऱ्या त्या पुरुषाने हे कांड उतरवून काढताना या गुहेपाशी किती काळ लेखणी थांबविली असेल, हा विचार आम्ही पुष्कळदा केला आहे.

शास्त्राचा निर्णय विचाराल तर तो लपलेला नाही. सुश्रुत आणि वाग्भट दोघेही सांगतात की व्यायाम आपल्या शक्तीच्या निम्म्यानेच करावा. वाग्भटाचा दृष्टांत तर कोरून ठेवावा असा आहे: जो व्यायामाचा अतिरेक करतो तो हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहासारखा नाश पावतो. हत्ती मेलेला असो वा जिवंत, ओढणारा दमून मरतो. चरकाने शोषरोगाच्या चार कारणांत ‘साहस’ हे पहिले धरिले, आणि साहस म्हणजे काय हे सांगताना आपल्याहून बलवानाशी झुंजणे, अतिभार उचलणे, लांबवर पोहणे, दूरचा पल्ला वेगाने धावणे अशी यादी दिली. त्याच यादीत अतोनात बोलणेही आहे. ते वाचून आम्ही क्षणभर ग्रंथ मिटून ठेविला होता.

तथापि येथे एक अडचण आहे. निम्म्या शक्तीने व्यायाम करणारा दीर्घायुषी होईल, पण तो गदा उचलणार नाही. चाळीसगाव तालुक्यातील सायगाव बगळीच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा खानदेशात आणिली. पुढे ते पोलीस खात्यात अधिकारी झाले. ही गदा निम्म्या शक्तीची नव्हे. पहाटे चारला उठून हजारांनी मारलेल्या बैठका, मातीने सोलून निघालेली कोपरे, घरापासून दूर काढलेली वर्षे, हे मोल त्यामागे असतेच. शरीर हे धर्माचे पहिले साधन, ही कालिदासाची उक्ती पुष्कळांच्या तोंडी असते. ती ‘कुमारसंभवा’त कोणास उद्देशून आहे हे मात्र विसरले जाते. पान गळून पडलेलेही न खाणाऱ्या, म्हणून अपर्णा म्हटल्या गेलेल्या पार्वतीस, बटुवेशात आलेले शंकर तसे विचारतात. पार्वती तप सोडीत नाही, आणि शंकरही ते तप व्यर्थ म्हणत नाहीत. म्हणून, ‘दुखते ना, मग कशाला ती कुस्ती’ असे म्हणून पोरास घरी बसविणाऱ्या मंडळींशी आमचे जमत नाही. घाम, ठणका, मुका मार, मोडलेला कान, हे सर्व साधनेचे देणे आहे आणि ते देण्यासारखे आहे.

परंतु तुटलेल्या सांध्यावर फडके आवळून पुन्हा त्याच सांध्याने झुंजणे, हे तप नव्हे. गीतेच्या सतराव्या अध्यायात हट्टाने स्वतःस पीडा देऊन केलेल्या तपास तामस म्हटले आहे. ठणका आणि इजा यांतला भेद तालमीतला पोरगा ओळखत नाही असे नाही. ओळखतो, पण सांगत नाही. सांगितले तर जोड दुसऱ्यास जाईल, वस्ताद रागावतील, गाव हसेल, अशी भीती त्यास असते. विश्रांती घेऊन परतता येते, हे त्यास कोणी पटवून दिलेले नसते. हरियाणाच्या विनेश फोगाट हिला २०१६ साली रिओ येथे गुडघ्याच्या दुखापतीने आखाड्यातून उचलून न्यावे लागले. उपचार करून, थांबून ती परतली आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तिने सुवर्णपदक जिंकले.

आणि थांबविणारा कोणी नसेल तर काय होते, हे महाराष्ट्राने पूर्वीच पाहिले आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली लोकांच्या वर्गणीवर आणि उसनवारीवर हेलसिंकीस गेले आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. ते कांस्य होते. जपानी मल्लाशी झालेली दमछाक करणारी कुस्ती संपते न संपते तोच त्यांस सोव्हिएत मल्लापुढे उभे करण्यात आले. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्ध्या तासाची विसावणी देण्याचा नियम होता. तो बजावून सांगण्यास आपला एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. पुढे गुडघ्याच्या दुखापतीने १९५६ च्या मेलबर्नचे दारही बंद झाले. १९८४ साली रस्त्यावरील अपघातात ते निवर्तले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. शरीर त्यांनी पणास लाविले, त्यात न्यून नव्हते. न्यून होते ते त्या अर्ध्या तासापुरते वारा रोखून धरणाऱ्या एका माणसाचे.

यशासाठी सोसलेले दुःख सार्थ की व्यर्थ, हा प्रश्न आपण नेहमी खेळाडूस विचारतो. आमच्या मते तो प्रथम पाहणाऱ्यांस विचारावा. दंगलीत इनामाची रक्कम ओरडून जाहीर होते, देणाऱ्याचे नाव ध्वनिक्षेपकावरून तीनदा घेतले जाते. मल्लाचा हात निखळला तर पुढे काय, याची रक्कम जाहीर झालेली आम्ही या वयापर्यंत ऐकलेली नाही. लंगडत बाहेर पडणाऱ्यास दोघे खांद्यावर घेतात आणि तेवढ्यात पुढची सलामी होते.

असे करणारे आपले लोक निष्ठुर आहेत म्हणावे, तर तेही खरे नाही. याच आठवड्यात धुळे-जळगावच्या वाटांकडे पाहा. सप्तशृंगीच्या चैत्रोत्सवासाठी खानदेशातून हजारो पाय निघाले आहेत. मालेगाव, देवळा, कळवण करीत ते नांदुरीच्या पायथ्याशी पोहोचतील. पारा चाळिशीच्या पुढे, डांबर वितळलेले, टाचांना फोड. पण त्या वाटेवर ठिकठिकाणी मांडव आहेत. कोणी ताक देतो, कोणी बर्फ, कोणी अनोळखी बाईचे पाय मांडीवर घेऊन मलम लावितो. ज्यास चालवत नाही त्यास गाडीत बसवितात आणि त्याची यात्रा कोणी खोटी धरीत नाही. मल्लखांबाचे आद्य आचार्य बाळंभटदादा देवधर यांनी निजामाच्या मल्लांशी झुंजण्यापूर्वी याच गडावर अनुष्ठान केले आणि स्वप्नात मारुतीने त्यांस विद्या दिली, अशी आख्यायिका आहे. तोच गड, तोच मारुती आणि लोकही तेच. मग पायी जाणाऱ्याच्या फोडास मलम आणि पैलवानाच्या गुडघ्यास केवळ टाळ्या, असे का व्हावे?

त्या दिवशी माउलीस आम्ही ओट्यावरच कथेचा राहिलेला भाग सांगितला. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाली, “म्हंजे बापनी थांबाडं.” बापाने थांबविले. पोराचा बाप हयात नव्हता, हे आम्हांस नंतर कळले. संध्याकाळी आम्ही दंगलीच्या पंचांकडे गेलो, मिळालेली बिदागी त्यांच्यापुढे ठेविली आणि गुडघ्यास फडके बांधून येणाऱ्यास जोड देऊ नये एवढेच मागितले. एक पंच हसले, एकांस राग आला. तिसरे स्वतः जुने पैलवान. ते उठताना नेहमी दोन्ही हात जमिनीस टेकतात. त्यांनी ते पैसे उचलून वेगळ्या डब्यात टाकले.

पोराची शस्त्रक्रिया श्रावणात झाली. डॉक्टरांनी आता सावकाश अर्ध्या बैठका घेण्यास अनुमती दिली आहे. पुढच्या वर्षी तो मातीत उतरेल की नाही, हे त्याचे त्यास आणि गुडघ्यास ठाऊक. उद्या जोड्या पुकारण्याचे काम त्याच्याकडे आहे. तो डबा या वर्षी फडाच्या कडेस उघडा ठेविला जाणार आहे, आणि तालुक्याच्या डॉक्टरांनी दंगल संपेपर्यंत बसण्याचे कबूल केले आहे.

आमच्यापुरते म्हणाल, तर उद्याचे आख्यान वज्रापाशी थांबणार नाही, गुहेपर्यंत जाईल. सूर्य काही कीर्तनकारासाठी खोळंबत नाही, म्हणून चारऐवजी साडेतीनलाच उभे राहण्याचे आम्ही योजिले आहे. श्रोत्यांनी तेवढे लवकर यावे.