सुप्यात जळालेले रोखे आणि मोबाइलवरचं ‘मान्य आहे’

१२ मे १८७५ हा सुप्यातला बाजाराचा दिवस होता. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून आलेले कुणबी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. तेव्हा सुपं भीमथडी तालुक्यात होतं, आज ते बारामती तालुक्यात आहे. त्या दिवशी सुप्यात धान्य आणि कापडही लुटलं गेलं. पण तिथून ही लाट पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पसरली, तेव्हा जमावाची मागणी बहुतेक ठिकाणी एकच राहिली: कर्जाचे रोखे आणि चोपड्या बाहेर काढा. सावकाराने कागद मुकाट्याने दिले, की सहसा त्याच्या अंगाला हात लागत नसे. कागद चौकात यायचे आणि पेटायचे.

ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांनी आपल्या दैन्याचं मूळ नेमकं कागदात ओळखलं होतं, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्यांना रोखा वाचता येत नव्हता, पण तो काय करतो हे पुरतं ठाऊक होतं.

काय करत होता तो रोखा? पुढे नेमलेल्या चौकशी आयोगाने आपल्या अहवालात हे सगळं खोलात जाऊन मांडलं. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने ठरवलं होतं, की कर्जाच्या रोख्यावर तीन वर्षांच्या आतच दावा लावता येईल. हेतू चांगला होता. व्याज वर्षानुवर्षं साचत जाऊ नये, सावकाराने लवकर हिशेब मिटवावा. घडलं उलटंच. दर तीन वर्षांनी सावकार कुळाला बोलावून नवा रोखा लिहून घेऊ लागला आणि त्यात थकलेलं व्याज मुद्दलात धरू लागला.

जरा आकडे मांडून बघू. शंभर रुपये, दर साल दर शेकडा चोवीस, आणि कुळाने मध्ये काहीच फेडलं नाही. तीन वर्षांनी रोखा १७२ रुपयांचा. सहा वर्षांनी २९६ चा. नऊ वर्षांनी ५०९ चा. घरात शंभरावर एक रुपया जास्त आलेला नाही, पण कागदावर आकडा पाचपट झाला. शिवाय मूळचे शंभरही पूर्ण हातात पडतीलच असं नव्हतं. मनोती, म्हणजे कर्ज देण्याबद्दलची सावकाराची कपात, आधीच कापली जायची. मग सावकार दावा लावायचा, कुळाला तारीख कळायची नाही किंवा कळूनही तालुक्याला जाणं परवडायचं नाही, आणि एकतर्फी हुकूमनामा व्हायचा. न्यायाधीशापुढे रोखा होता, त्यावर अंगठा होता. अंगठा आहे म्हणजे कबुली आहे. त्या कबुलीमागे काय घडलं, हे विचारायचं काम न्यायालयाचं नव्हतं.

दंगे मोडून काढले गेले. साडेनऊशेच्या आसपास लोक पकडले, त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना शिक्षा झाल्या. पण चार वर्षांनी जे आलं ते थक्क करणारं होतं. १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला आणि त्याने न्यायाधीशाला बजावलं: रोख्यावर थांबू नका. व्यवहार पहिल्या रुपयापासून उकलून बघा. मुद्दल वेगळं मांडा, व्याज वेगळं मांडा, व्याजाचं मुद्दल करू देऊ नका, आणि दामदुपटीपलीकडे जाऊ नका. शेतकऱ्याचा रोखा गावच्या नोंदणीदारासमोर, वाचून दाखवूनच व्हायला हवा. जुना रोखा बदलून नवा करायचा असेल, तर जुनाही तिथेच दाखवा. सावकाराने पावती द्यायची आणि शेतकऱ्याने मागितला तर हिशेबही.

करारावर सही आहे म्हणून तो न्याय्य ठरत नाही, सही कोणत्या परिस्थितीत झाली हेही बघायला हवं, हा विचार सुप्याच्या बाजारातून निघून कायद्याच्या पुस्तकात गेला. गेली काही वर्षं तोच विचार मी तंत्रज्ञान कंपन्यांवरच्या खटल्यांत पाहतो आहे.

जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने नवं धोरण आणलं. आपली माहिती फेसबुकच्या इतर कंपन्यांपर्यंत जाणार होती. २०१६ च्या अशाच बदलात निदान काही दिवस नकार द्यायची सोय होती, या वेळी तीही नव्हती. भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला, म्हणजे नाव बदललेल्या फेसबुक कंपनीला, २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड केला. आयोगाचं म्हणणं साधं होतं: ‘घ्या नाहीतर सोडा’ अशी अट घातली आणि सोडून जाण्याजोगी दुसरी जागाच उरली नसेल, तर तो होकार खरा नाही. सोबत जाहिरातींसाठी माहिती देण्याघेण्यावर पाच वर्षांची बंदीही घातली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला आणि बंदी काढली. माझ्या मते दंडापेक्षा ती बंदी मोलाची होती. एवढ्या मोठ्या कंपनीला दोनशे कोटी हा धंद्याचा खर्च असतो, माहिती वापरता न येणं हा मात्र धंद्यालाच धक्का असतो.

कर्ज देणाऱ्या ॲपांनी तर १८७५ चा डाव जवळजवळ जसाच्या तसा मांडला. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ च्या पहिल्या दोन महिन्यांत अशी सुमारे ११०० ॲपं आढळली, त्यातली ६०० बेकायदा. रक्कम आधीच कापून द्यायची, मुदत आठवड्याची ठेवायची, ती संपली की दुसऱ्या ॲपवरून उचलून पहिल्याचं भागवायला लावायचं. मनोती तीच, नवा रोखाही तोच, फक्त तीन वर्षांचा फेरा सात दिवसांवर आला. बदललं ते वसुलीचं हत्यार. सावकाराला न्यायालय लागत होतं. या ॲपांना कर्जदाराच्या फोनमधली नावांची यादी पुरते. मामाला, मेहुण्याला, कामावरच्या साहेबाला संदेश धाडून माणसाची अब्रू चव्हाट्यावर आणायची. याला मी व्यवसाय म्हणत नाही, हे माणसाच्या आप्तांना ओलीस धरणं आहे.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये घातलेले नियम वाचताना १८७९ चा कायदाच समोर येतो. एकूण खर्च वार्षिक टक्क्यांत, ठरावीक नमुन्यात, आधी दाखवा. पैसे थेट कर्जदाराच्या खात्यात जाऊ द्या. ठरावीक मुदतीत कर्ज परत करून सुटायची मोकळीक द्या. फोनमधली नावं आणि फोटो यांना हात लावू नका. गूगलने त्या काळात हजारो कर्ज ॲपं आपल्या दुकानातून काढली, तरी तशीच ॲपं संदेशातल्या दुव्यावरून फिरतात. पळवाट तेव्हाही होती: गहाणखतावर न्यायालय हात घालतं म्हटल्यावर सावकार सरळ खरेदीखतच लिहून घेऊ लागले.

आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा म्हणतो, की संमती मोकळेपणी दिलेली आणि समजून दिलेली हवी, आणि ती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायची सोय हवी. मराठी तिच्यात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि संमतीबद्दलच्या तरतुदींना त्यांत अठरा महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७ पर्यंत. त्यानंतर एखादं ॲप ‘मान्य आहे’ विचारेल, तेव्हा आधी मराठीचा पर्याय शोधा, आणि तो नसेल तर तशी तक्रार करा. तेवढा हक्क तोवर आपल्या हाती आलेला असेल.