अंतिम वर्षाचा प्रकल्प आणि शेतकऱ्याचे शेत

राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांच्या महाविद्यालयांतून कृषी पदवीचे विद्यार्थी दरवर्षी खेड्यांत येतात. हा अभ्यासक्रम चार वर्षांचा, म्हणजे आठ सत्रांचा आहे. शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यास गावात राहून ग्रामीण कृषी कार्यानुभव घ्यावा लागतो, आणि पुष्कळदा त्याच काळात एखादा प्रकल्पही करावयाचा असतो. नीट आखलेल्या प्रकल्पातून विद्यार्थ्याचे शिक्षण होते व गावासही उपयोगी पडणारे उत्तर मिळते. आखणी चुकली तर दोघांचाही एक हंगाम वाया जातो. ही आखणी कशी करावी व तीत शेतकरी आणि ग्रामस्तरीय कार्यकर्ता यांचा वाटा कोणता, याचा विचार येथे केला आहे.

प्रश्न एकच असावा

"सोयाबीनचे उत्पन्न वाढविणे" हा प्रकल्पाचा विषय होऊ शकत नाही. बियाणे, खत, पेरणीची रीत व फवारणी ही सर्व एकाच वेळी बदलली, तर उत्पन्नातील फरक कशामुळे पडला हे कोणासही सांगता येणार नाही. यास्तव एका हंगामात उत्तर मिळेल असा एकच प्रश्न घ्यावा.

उदाहरणार्थ, पुष्कळ शेतकरी घरचेच सोयाबीन बियाणे म्हणून वापरतात. आपल्याकडे नेहमीच्या सपाट पेरणीसाठी ७० टक्के उगवणशक्तीच्या बियाण्याची मात्रा हेक्टरी ७५ किलो, म्हणजे एकरी ३० किलो धरतात. उगवणशक्ती ६० टक्केच भरली, तर ७५ ला ७० ने गुणून ६० ने भागावे, मात्रा ८७.५ किलो येते. तेव्हा प्रश्न असा मांडावा : कमी उगवणीचे बियाणे नेहमीच्या मात्रेने पेरले आणि तेच बियाणे हिशेबाने वाढविलेल्या मात्रेने पेरले, तर हेक्टरी उत्पन्नात फरक पडतो काय, व पडल्यास वाढीव बियाण्याचा खर्च भरून निघतो काय?

वर्गातील विषयांचा उपयोग

असा प्रश्न हाती असला म्हणजे वर्गात स्वतंत्रपणे शिकलेले विषय एकत्र येतात. पट्ट्यांची आखणी कृषिविद्येतून येते व मातीचा नमुना घेण्याची रीत मृदाशास्त्रातून. खर्च व नफ्याचा हिशेब कृषी अर्थशास्त्र शिकविते. शेतकऱ्याशी बोलून त्याची अडचण समजून घेण्याचे शिक्षण विस्तार विषयात मिळते. मिळालेला फरक खरा की योगायोगाचा, हे सांख्यिकीवरून ठरते. या शेवटच्या विषयावर डॉ. पानसे व डॉ. सुखात्मे यांचा कृषी कार्यकर्त्यांसाठी लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९५४ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्याने सांख्यिकीच्या अध्यापकांचा सल्ला पेरणीपूर्वीच घ्यावा. काढणीनंतर घेतलेल्या सल्ल्याने चुकलेली आखणी दुरुस्त होत नाही.

पेरणीपासून मागे मोजावे

महाविद्यालयाचे सत्र तारखेने चालते, खरीप मात्र पावसाने चालतो. सोयाबीनची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर करावयाची असते. विद्यार्थी गावी पोहोचेपर्यंत पेरण्या आटोपल्या असतील, तर त्या वर्षी हा प्रयोग होणार नाही. म्हणून त्याने आधीच्या सत्रातच विषय ठरवावा, मार्गदर्शक अध्यापकांची संमती घ्यावी आणि मे महिन्यात गावी एक फेरी करून शेतकरी निवडावेत.

त्याच फेरीत उगवणशक्ती तपासावी. ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी, असे १०० दाणे मांडावेत. गोणपाट गुंडाळून ओलसर ठेवावे व सहा-सात दिवसांनी चांगले कोंब आलेले दाणे मोजावेत. अशा तीन गुंडाळ्या करून सरासरी घ्यावी. ज्यांच्या बियाण्याची उगवण ६० टक्क्यांच्या आसपास आहे, तेच शेतकरी या प्रयोगासाठी घ्यावेत. ज्याचे बियाणे फारच कमी उगवते, त्यास ते पेरू नये असे सांगणे हे विद्यार्थ्याचे कर्तव्य होय.

तुलनेचा पट्टा का हवा

शेतकरी बंधूंची मुख्य शंका येथेच असते. "वाढीव मात्रा चांगली असेल, तर सगळ्याच शेतात तशी पेरतो, एक पट्टा मागे कशाला ठेवावयाचा?" असे ते विचारतात. परंतु शेजारी नेहमीच्या मात्रेचा पट्टा नसेल, तर चांगले पीक मात्रेमुळे आले की पावसामुळे, हे कळणार नाही.

आता या पट्ट्याचा धोका किती ते पाहू. पट्टा १० मीटर लांब व ४.५ मीटर रुंद, म्हणजे ४५ सेंटिमीटर अंतरावरील १० ओळींचा घ्यावा. त्याचे क्षेत्र ४५ चौरस मीटर होते. हेक्टरी २० क्विंटल उत्पन्न धरले, तर त्यात सारे मिळून ९ किलो सोयाबीन येईल. अर्थात पट्टा मागे पडला, तरी शेतकऱ्याचे नुकसान थोड्या किलोंचेच होईल.

एका शेतात असे दोन पट्टे शेजारी-शेजारी घ्यावेत. कोणता कोणत्या मात्रेचा, हे चिठ्ठी टाकून ठरवावे, म्हणजे चांगली जमीन मुद्दाम एकास मिळणार नाही. एका पट्ट्यास नेहमीच्या मात्रेने सुमारे ३३८ ग्रॅम व वाढीव मात्रेने सुमारे ३९४ ग्रॅम बियाणे लागेल. ते तोलून, ओळीवार वाटून हाताने टाकावे. गावातील सहा शेतकऱ्यांकडे हाच प्रयोग केला, तर सहा पुनरावृत्त्या मिळतात व एखादे शेत पाण्याखाली गेले तरी प्रयोग बुडत नाही. खत, कोळपणी व फवारणी दोन्ही पट्ट्यांस सारखीच द्यावी. विरळ दिसणाऱ्या पट्ट्यात दया येऊन नांगे भरू नयेत.

मोजणीतील काळजी

काढणीच्या वेळी कडेची एकेक ओळ व दोन्ही टोकांचा अर्धा मीटर भाग वगळावा. राहिलेले क्षेत्र ९ मीटर लांब व ३.६ मीटर रुंद, म्हणजे ३२.४ चौरस मीटर भरते. त्यातून ६.४८ किलो धान्य मिळाले, तर उत्पन्न हेक्टरी २० क्विंटल झाले. येथे ३२४ ग्रॅमची चूक म्हणजे हेक्टरी १ क्विंटलची चूक होय, हे ध्यानात ठेवावे. यासाठी दोन्ही पट्ट्यांचे धान्य वेगळे मळून, सारखे वाळवून, एकाच काट्यावर तोलावे. पेरणीची तारीख, पाऊस, उगवलेल्या रोपांची संख्या व प्रत्येक खर्च त्याच दिवशी वहीत लिहावा.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्याचे काम

योग्य शेतकरी सुचविणे, पट्ट्यांच्या खुंट्या मळणीपर्यंत जागेवर राहतील हे पाहणे आणि काढणीचा दिवस विद्यार्थ्यास आधी कळविणे, ही तीन कामे कार्यकर्त्याने अगत्याने करावीत. मजुरांनी दोन्ही पट्टे एकत्र कापून गंजीस लावले, तर चार महिन्यांचे श्रम एका सकाळी नाहीसे होतात.

निकाल आल्यावर विद्यार्थ्याने तो त्या सहा शेतकऱ्यांस व गावास सांगावा. फरक पडला नाही, तर तसेच स्पष्ट सांगावे. वाढीव बियाण्याने लाभ होत नाही हे कळले, तरी शेतकऱ्याचा पुढील वर्षीचा खर्च वाचतो. महाविद्यालयास द्यावयाच्या अहवालाची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी, म्हणजे पुढील वर्षी येणाऱ्या विद्यार्थ्यास त्यापुढील प्रश्न हाती घेता येईल.